जहाजावरचा पहिला महिना : कोण काय करतं आणि कोणाला काय सांगायचं

मालवाहू जहाज लांबून पाहिलं की त्यावर शंभरेक माणसं तरी राहत असतील असं वाटतं. प्रत्यक्षात दोनशे-तीनशे मीटर लांबीच्या जहाजावरही साधारण २० ते २५ माणसं असतात. एवढ्यांनीच जहाज चालवायचं, माल सांभाळायचा, यंत्रं दुरुस्त करायची, जेवण रांधायचं, आग लागली तर विझवायची आणि कोणी आजारी पडलं तर औषधही द्यायचं. म्हणून इथे प्रत्येकाच्या कामाची हद्द आखून दिलेली असते.

नवख्याला काम येत नाही ही फार मोठी अडचण नसते. काम कोणीतरी शिकवतंच. खरी अडचण असते ती डोळ्यांना दिसलेली गोष्ट नेमकी कोणाच्या कानावर घालायची हे न कळण्याची. मी कॅडेट, म्हणजे शिकाऊ अधिकारी, असताना मागच्या डेकवरच्या विंचखाली (दोर ओढणाऱ्या यंत्राखाली) तेलाचे थेंब पाहिले आणि शेजारी रंगकाम करणाऱ्या एबीला (अनुभवी खलाशाला) सांगून मोकळा झालो. तो विसरला. दोन दिवसांनी धक्क्याला लागताना त्याच विंचचा होज फुटला आणि डेकभर हायड्रॉलिकचं तेल पसरलं. डेकच्या निचऱ्याच्या भोकांना बुचं बसवलेली होती म्हणून ते समुद्रात गेलं नाही, एवढंच नशीब. चीफ ऑफिसरनं मला एकच प्रश्न विचारला, "कोणाला सांगितलंस?" 

हा लेख कॅडेट, ओएस (शिकाऊ खलाशी), वायपर (इंजिन रूमची सफाई करणारा) किंवा मेसमन (कुकचा मदतनीस) म्हणून पहिल्यांदा जहाजावर चढणाऱ्यांसाठी आहे. कंपनीगणिक आणि जहाजागणिक कामाची वाटणी थोडी बदलते, ते ओघात येईलच.

पायरी १ : चढण्याआधी

पासपोर्ट, खलाशाची नोंदपुस्तिका, वैद्यकीय प्रमाणपत्र, एसटीसीडब्ल्यूची मूलभूत सुरक्षा प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं आणि नोकरीचा करार हे सगळं हातातल्या बॅगेत ठेवा. मोठी बॅग विमानतळावर हरवू शकते, आणि कागद नसलेल्या माणसाला जहाजावर घेत नाहीत. एसटीसीडब्ल्यू म्हणजे खलाशांचं प्रशिक्षण, प्रमाणपत्रं आणि वॉच (कामाची ठरलेली पाळी) यांबद्दलचा १९७८चा आंतरराष्ट्रीय करार. २०१०मध्ये मनिलात त्यात मोठ्या दुरुस्त्या झाल्या. वैद्यकीय प्रमाणपत्र जास्तीत जास्त दोन वर्षं चालतं, वय १८च्या आत असेल तर एकच वर्ष.

करारावर सही करण्याआधी तो वाचा. पद, पगार, कालावधी, रजा आणि घरी परतण्याचा खर्च कोणाचा, एवढ्या गोष्टी तरी डोळ्यांखालून जाऊ द्या. २००६च्या सागरी कामगार कराराला जगभरचे खलाशी एमएलसी म्हणतात, आणि तो २०१३पासून लागू आहे. त्यानुसार नोकरी मिळवून देण्याबद्दल खलाशाकडून पैसे घेता येत नाहीत. वैद्यकीय तपासणी, नोंदपुस्तिका आणि पासपोर्ट यांचा खर्च तुमच्यावर येऊ शकतो, पण "जागा पक्की करायला" म्हणून कोणी रक्कम मागत असेल तर तिथून उठून या.

पायरी २ : गँगवे ते केबिन

जिना चढताना एक हात कठड्यावर हवाच. सामान स्वतः उचलून चढू नका, ते दोरीनं किंवा क्रेननं वर घेतात. वर पोचल्यावर भेटणारा पहिला माणूस म्हणजे गँगवेवर, म्हणजे या जिन्यावर, वॉच करणारा एबी. तो ओळखपत्र पाहील, नोंद करील, बॅगही तपासेल. यात अपमान मानू नका. २००४पासून आयएसपीएस या जहाज-बंदर सुरक्षेच्या संहितेप्रमाणे प्रत्येक जहाजावर एक सुरक्षा अधिकारी नेमलेला असतो आणि कोण चढलं, कोण उतरलं याचा हिशोब त्याला द्यावा लागतो.

मग कागद कॅप्टनकडे जमा होतात, केबिन मिळते आणि एखादा अधिकारी, बहुतेक वेळा थर्ड ऑफिसर, तुम्हाला जहाज दाखवायला नेतो. प्रवासानं डोळे मिटत असतात, तरी ही फेरी झोपेत काढू नका. कोणत्याही कामाला हात लावण्याआधी काही गोष्टी ठाऊक असायलाच हव्यात. लाइफजॅकेट कुठे आहे आणि ते कसं घालायचं, आपली जमण्याची जागा कोणती, केबिनमधून बाहेर पडण्याचे दोन रस्ते कोणते, आग किंवा धूर दिसला तर काय करायचं, माणूस पाण्यात पडला तर काय करायचं. फेरी संपली की एकट्यानं पुन्हा एकदा चालून या. रात्री दिवे गेल्यावर भिंत चाचपत बाहेर पडता आलं पाहिजे.

पायरी ३ : आपलं नाव शोधा

ब्रिजवर (जहाज चालवण्याच्या खोलीत), इंजिन रूममध्ये आणि राहण्याच्या भागात मस्टर लिस्ट लावलेली असते. आणीबाणीत कोणी कुठे जायचं आणि काय करायचं ते त्यात लिहिलेलं असतं. ज्याच्या जागी तुम्ही आलात त्याचं नाव खोडून तुमचं घातलंय का, हे पाहा. नसेल तर थर्ड ऑफिसरला सांगा. लहान गोष्ट वाटते, पण मोजणीच्या वेळी हीच यादी हातात असते.

तिथेच जवळपास किमान सुरक्षित मनुष्यबळाचं प्रमाणपत्र दिसेल. जहाज ज्या देशाचा झेंडा लावतं तो देश ते देतो. कमीत कमी कोणकोणत्या पदांची किती माणसं असल्याशिवाय जहाज समुद्रात जाऊ शकत नाही, ते त्यावर असतं.

पायरी ४ : डेकची माणसं ओळखा

कॅप्टनला कागदोपत्री मास्टर म्हणतात. बहुतेक मोठ्या जहाजांवर तो नेहमीचा वॉच करत नाही, पण चोवीस तास जबाबदार तोच. जहाजांच्या सुरक्षित व्यवस्थापनाच्या आयएसएम संहितेनं त्याला एक मोठा अधिकार दिलेला आहे. माणसांच्या सुरक्षिततेसाठी आणि समुद्र प्रदूषित होऊ नये यासाठी तो जो निर्णय घेईल, तो कंपनीच्या सूचनेपेक्षा वरचढ. बंदरात शिरताना पायलट, म्हणजे तिथल्या पाण्याचा जाणकार वाटाड्या, येतो, वळणं आणि वेग तो सांगतो, पण त्यानं कॅप्टनची जबाबदारी संपत नाही. पनामा कालवा हा प्रसिद्ध अपवाद. तिथे जहाजाच्या हालचालींचा ताबा पायलटकडे जातो.

कॅप्टन रात्री झोपण्यापूर्वी वहीत आदेश लिहून ठेवतो. त्यांचा सूर बहुधा एकच असतो : शंका आली तर मला उठवा. नवे अधिकारी इथेच कचरतात. पण विनाकारण उठवलं म्हणून कुरकुरणारा कॅप्टन परवडतो, उशिरा उठवलेला परवडत नाही.

त्याच्या खालोखाल चीफ ऑफिसर, म्हणजेच चीफ मेट. डेकवरच्या माणसाचं आयुष्य खरं तर याच्याच हातात. माल कुठे किती भरायचा, जहाज कलणार नाही ना, सांगाड्यावर ताण येणार नाही ना, बॅलास्टचं, म्हणजे तोल सांभाळणारं, पाणी कोणत्या टाकीत घ्यायचं, हे सगळं तो ठरवतो. डेकची देखभाल, रंगकाम, डेकवरच्या धोक्याच्या कामांचे परवाने हेही त्याच्याकडे. बंदरात माल चढत-उतरत असताना तो दोन-दोन दिवस नीट झोपलेला नसतो. अशा वेळी त्याच्याकडे सुट्टीचा विषय काढू नका.

सेकंड ऑफिसर म्हणजे मार्ग आखणारा. धक्का ते धक्का असा पूर्ण प्रवासाचा आराखडा तो बनवतो आणि इलेक्ट्रॉनिक नकाशे, पुस्तकं, ब्रिजवरची उपकरणं अद्ययावत ठेवतो. पुष्कळ जहाजांवर दवाखानाही त्याच्याकडेच. मालवाहू जहाजावर डॉक्टर नसतो, कारण डॉक्टरची सक्ती १०० किंवा त्याहून जास्त माणसं घेऊन तीन दिवसांपेक्षा लांबच्या आंतरराष्ट्रीय प्रवासाला निघणाऱ्या जहाजांनाच आहे. ताप, जखम, दाढदुखी लपवू नका. किनारा आठ दिवस लांब असताना चिघळलेलं बोट ही चेष्टेची गोष्ट नाही.

थर्ड ऑफिसरकडे लाइफबोटी, लाइफजॅकेटं, अग्निशामकं, आगीचे होज आणि श्वसनयंत्रं. नवख्याला सगळ्यात जवळचा अधिकारी हाच, कारण तो स्वतः काही महिन्यांपूर्वीच कॅडेट होता. रेडिओ ऑफिसर नावाचा आणखी एक अधिकारी पूर्वी असे. १९९९मध्ये उपग्रहावर चालणारी नवी संकटसंदेश यंत्रणा पूर्णपणे लागू झाली आणि मोर्सबरोबर तोही गेला. त्याचं काम आता ब्रिजवरचे अधिकारी करतात.

अधिकाऱ्यांनंतर बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम. जुन्या भाषेत हा सारंग, त्याच्या हाताखाली तांडेल, सुकाणू धरणारा सुखाणी आणि स्वयंपाकी भंडारी. जुन्या खलाशांच्या तोंडी हे शब्द अजून आहेत. सकाळी चीफ ऑफिसर बोसनला दिवसाची कामं देतो आणि बोसन ती माणसांना वाटतो. म्हणून ओएसला काम सांगणारा बोसन, आणि ओएसनं अडचण सांगायची तीही आधी बोसनलाच. चीफ ऑफिसरनं थेट तुम्हाला काही करायला सांगितलं, तर ते करा आणि बोसनच्या कानावर घाला. नाहीतर तो तुम्हाला शोधत डेकभर फिरत राहील.

एबी म्हणजे अनुभवी खलाशी. तो सुकाणू धरतो, टेहळणी करतो, गँगवे सांभाळतो. ओएस त्याच्या हाताखाली शिकतो. टँकरवर यांच्या जोडीला पंपमन असतो, आणि तेलवाहू जहाजावर त्याच्याइतके व्हॉल्व्ह कोणालाच पाठ नसतात.

डेक कॅडेट कोणाचाच नसतो आणि सगळ्यांचा असतो. दिवसा बोसनबरोबर गंज खरवडायचा, रात्री ब्रिजवर आकाश पाहायचं. मान्यताप्राप्त प्रशिक्षणक्रमातून आलेल्याला अधिकारी होण्यासाठी किमान १२ महिन्यांची समुद्रसेवा लागते, त्या वाटेनं न आलेल्याला ३६. त्यात किमान सहा महिने ब्रिजवरच्या वॉचची कामं केलेली असावी लागतात. चीफ ऑफिसर सतत डेकवरच पाठवत असेल, तर हा आकडा नम्रपणे त्याच्यासमोर ठेवा.

पायरी ५ : वॉचचं गणित

समुद्रात चार तास वॉच आणि आठ तास मोकळे, हा जुना नियम. परंपरेनं चारचा वॉच, म्हणजे चार ते आठ, चीफ ऑफिसरचा. पहाटे आणि संध्याकाळी तारे आणि क्षितिज एकाच वेळी दिसतात, त्यामुळे ताऱ्यांवरून जहाजाची जागा काढायची वेळ तीच, आणि मधला दिवस डेकच्या कामाला मोकळा राहतो. बारा ते चार सेकंड ऑफिसर. आठ ते बारा थर्ड ऑफिसर, कारण त्या वेळी कॅप्टन जागा असतो आणि नव्या अधिकाऱ्यावर लक्ष ठेवू शकतो.

टेहळणीला उभे राहणार असाल तर वेळेच्या दहा-पंधरा मिनिटं आधी ब्रिजवर पोचा. अंधाराला डोळे सरावायला तेवढा वेळ लागतोच. मोबाइल केबिनमध्ये ठेवून या. काही दिसलं की ओळखू येण्याची वाट पाहू नका. "उजवीकडे, दोन पॉइंटवर दिवा" एवढं पुरे. पॉइंट म्हणजे सव्वाअकरा अंश. तो तारा निघाला तरी कोणी हसणार नाही, आणि हसलं तर हसू द्या.

सुकाणूवर नियम आणखी कडक. "पोर्ट टेन" असा हुकूम आला की आधी तो मोठ्यानं परत म्हणायचा, मग चाक फिरवायचं, आणि सुकाणू दहा अंशांवर पोचलं की पुन्हा सांगायचं. आधी बोलणं, मग करणं, मग कळवणं. उलट दिशेला फिरवलेलं चाक वेळीच लक्षात यावं म्हणून हा सगळा खटाटोप. हुकूम ऐकू आला नाही तर अंदाजानं फिरवू नका, पुन्हा विचारा.

वॉच सोपवतानाही एक पथ्य आहे. समोरचा माणूस झोपेत, आजारी किंवा प्यालेला वाटत असेल तर त्याच्याकडे वॉच द्यायचा नाही, कॅप्टनला कळवायचं. जहाज वळत असेल किंवा दुसऱ्या जहाजाला वाट देत असेल, तर ते पूर्ण होईपर्यंत जुन्यानंच थांबायचं.

पायरी ६ : खाली, इंजिन रूममध्ये

चीफ इंजिनिअर हा यंत्रांचा मालक. इंधन, सुटे भाग, सर्वेक्षणं आणि कंपनीशी तांत्रिक पत्रव्यवहार त्याच्याकडे. पण इंजिन रूम रोज चालवतो तो सेकंड इंजिनिअर. कामं वाटणं, देखभालीचं वेळापत्रक पाळणं आणि माणसं सांभाळणं त्याच्याकडे. म्हणून वायपर किंवा इंजिन कॅडेटचा खरा साहेब सेकंडच. मुख्य इंजिनही बहुधा त्याच्या वाट्याला. थर्ड इंजिनिअरकडे साधारणपणे जनरेटर, फोर्थकडे प्युरिफायर (तेल शुद्ध करणारी यंत्रं), कॉम्प्रेसर, पंप आणि सांडपाण्याची यंत्रणा. अमेरिकी पद्धतीच्या जहाजांवर सेकंडला फर्स्ट असिस्टंट म्हणतात आणि पुढचे आकडेही एकानं सरकतात. त्यामुळे नव्या जहाजावर "थर्डला सांग" असं ऐकलं की कोणता थर्ड, हे आधी विचारून घ्या.

वीज, अलार्म, क्रेनची नियंत्रणं आणि सेन्सर पाहणाऱ्याला ईटीओ म्हणतात. फिटर वेल्डिंग आणि लेथ सांभाळतो. वर्कशॉपबाहेर कुठेही ठिणगी उडणार असेल तर परवाना लागतो, आणि फिटर तुमच्या कितीही ओळखीचा असला तरी परवान्याशिवाय त्याला "जरा एवढं चिकटवून दे" म्हणू नका. ऑइलर किंवा मोटरमन फेऱ्या मारून तापमानं, दाब आणि टाक्यांची पातळी पाहतो. वायपर सफाई करतो. सफाई हलकी समजू नका. पुसून स्वच्छ ठेवलेल्या यंत्रावरच नवी गळती दिसते.

आजच्या बहुतेक जहाजांवर रात्री इंजिन रूममध्ये कोणी नसतं. ड्युटीवरच्या इंजिनिअरच्या केबिनमध्ये अलार्म वाजतो आणि तो खाली जातो. जाताना तो डेड मॅन अलार्म सुरू करतो. ठरलेल्या मिनिटांत बटण दाबलं गेलं नाही तर खाली काहीतरी झालंय असं समजून सगळ्यांना उठवलं जातं. इंजिन कॅडेटनं रात्री एकट्यानं, कोणाला न सांगता खाली उतरायचं नाही, विसरलेला मोबाइल आणायलासुद्धा नाही. आणि कान झाका. ८५ डेसिबलपुढे आवाज असलेल्या जागी तशी पाटी असते, इंजिन रूममध्ये तो शंभराच्याही पुढे जातो.

तेलकट पाण्याबद्दल एक इशारा. बिल्जमधलं, म्हणजे जहाजाच्या तळाशी साचलेलं, पाणी समुद्रात सोडायचं तर ते यंत्रातून गाळून त्यात तेलाचं प्रमाण दशलक्षात १५ भागांपेक्षा जास्त नसावं लागतं, आणि त्याची नोंद तेलाच्या नोंदवहीत होते. ते यंत्र टाळून बाहेर नेणारा पाइप जोडायला कोणीही सांगितलं, तर तो गुन्हा आहे. "मला वरून सांगितलं होतं" हे बंदरातल्या चौकशीत पुरत नाही. प्लॅस्टिक तर कुठल्याही समुद्रात टाकता येत नाही, अगदी जाळून उरलेली त्याची राखही नाही.

गॅली (स्वयंपाकघर), थोडक्यात

कुक आणि मेसमन एवढीच ही शाखा. काही कंपन्यांत मेसमनला जीएस किंवा स्टुअर्ड म्हणतात. दहा किंवा त्याहून जास्त माणसांच्या जहाजावर प्रशिक्षित कुक हवाच, असं एमएलसी सांगतं. वेळेवर जेवायला या, उशीर होणार असेल तर आधी कळवा. गोडं पाणी मुख्य इंजिनच्या उष्णतेवर समुद्राच्या पाण्यातून काढतात. जहाज नांगरावर उभं असेल तर ते बनत नाही. तेव्हा आंघोळ बादलीच्या हिशोबानं करा.

पायरी ७ : धक्क्याला लागताना

इथे नवखे सगळ्यात जास्त गोंधळतात. पुढच्या टोकाला सहसा चीफ ऑफिसर आणि बोसन, मागच्या टोकाला सेकंड ऑफिसर, ब्रिजवर कॅप्टनबरोबर थर्ड ऑफिसर. तुम्ही ज्या टोकाला आहात तिथल्या अधिकाऱ्याचंच ऐकायचं. पण "थांबा" हा शब्द कोणीही उच्चारला तर सगळ्यांनी थांबायचं, तो उच्चारणारा आदल्या दिवशी चढलेला कॅडेट असला तरी.

ताणलेला दोर तुटला की तो दिसत नाही, फक्त आवाज येतो. तोपर्यंत त्याचं टोक ज्याला लागायचं त्याला लागलेलं असतं. तो सरळ रेषेतच मागे येतो असंही नाही. रोलरवरून वळलेला असेल तर दुसऱ्याच दिशेला झेपावतो. पूर्वी डेकवर धोक्याचे पट्टे रंगवत, पण त्यामुळे पट्ट्याबाहेर आपण सुरक्षित आहोत असं माणसाला उगाच वाटतं. दोर ताणाखाली असताना सगळं मुरिंग डेकच (दोर बांधायची जागा) धोक्याचं समजा. दोराच्या वेटोळ्यात पाय ठेवायचा नाही, ताणाखालचा दोर ओलांडायचा नाही, आणि काम नसेल तर तिथे बघत उभं राहायचं नाही.

पायरी ८ : बंद जागा

हा परिच्छेद दोनदा वाचा. बॅलास्ट टाकी, मालाचं कोठार, नांगराच्या साखळीची कोठी, रिकाम्या पोकळ्या या सगळ्या जागी हवा असेलच असं नाही. लोखंड गंजताना प्राणवायू खातं, कोळसा खातो, लाकडाचे ओंडके खातात. नेहमीच्या हवेत प्राणवायू जेमतेम २१ टक्के. तो पुरेसा खाली गेला की आधी चक्कर येत नाही, धाप लागत नाही, माणूस सरळ कोसळतो. 

आत जायचं तर परवाना, हवा खेळती ठेवणं, वेगवेगळ्या खोलीवर वायूचं मोजमाप, दाराशी एक माणूस आणि बाहेर संपर्क. परवाना जबाबदार अधिकारी देतो, डेकवर बहुतेकदा चीफ ऑफिसर. दाराशी उभं राहणं हे काम बऱ्याचदा नवख्याला मिळतं, आणि तेच सगळ्यात अवघड. आत कोणी पडलेलं दिसलं तर तुम्ही आत जायचं नाही. अलार्म वाजवायचा, रेडिओवर सांगायचं, श्वसनयंत्र घातलेली माणसं येईपर्यंत तिथेच थांबायचं. मित्राला काढायला उतरलेला दुसरा आणि त्याच्यामागे तिसरा, अशा रांगेनं माणसं गेलेली आहेत. म्हणूनच २०१५पासून बंद जागेतून बाहेर काढण्याची कवायत दर दोन महिन्यांनी सक्तीची आहे.

पायरी ९ : अलार्म वाजला की

सात छोटे आणि एक लांब भोंगा म्हणजे सर्वसाधारण आणीबाणी. लाइफजॅकेट घेऊन जमण्याच्या जागी जायचं. जहाज सोडण्याचा हुकूम भोंग्यानं नाही, कॅप्टनच्या तोंडून येतो. आपल्या मनानं लाइफबोटीत बसायचं नाही.

आगीच्या वेळी साधारण वाटणी अशी असते : कॅप्टन ब्रिजवर, डेकच्या पथकाचा म्होरक्या चीफ ऑफिसर, आग इंजिन रूममध्ये असेल तर तिथे सेकंड इंजिनिअर, चीफ इंजिनिअर यंत्रणांवर, थर्ड ऑफिसर लाइफबोटींची तयारी करतो, आणि कुक-मेसमनच्या हाती स्ट्रेचर, प्रथमोपचार. नवख्याचं पहिलं काम एकच : जागेवर हजर राहून नाव घेतल्यावर "हजर" म्हणणं.

ही मोजणी कवायतीत कंटाळवाणी वाटते. तिचं मोल इंजिन रूमच्या आगीत कळतं. ती आग हाताबाहेर गेली तर खोली बंद करून कार्बन डायऑक्साइड सोडतात. तो वायू आग मारतो आणि आत राहिलेला माणूसही मारतो. त्यामुळे सगळे बाहेर आहेत हे पटल्याशिवाय कॅप्टन तो सोडायला सांगू शकत नाही. एखादा केबिनमध्ये कानात हेडफोन घालून झोपलेला असेल, तर त्याला शोधेपर्यंत आग वाढत राहते.

माणूस पाण्यात पडलेला दिसला तर ओरडा, जवळचं लाइफबॉय (तरंगतं कडं) फेका, आणि त्याच्यावरची नजर हलवू नका. हात त्याच्याकडे रोखून धरा. ब्रिजला कळवायला दुसऱ्याला पाठवा. लाटांमध्ये डोकं एकदा नजरेआड झालं की पुन्हा सापडणं फार कठीण.

आगीची आणि जहाज सोडण्याची कवायत प्रत्येकाला महिन्यातून एकदा तरी करावी लागते. गेल्या महिन्यात त्या जहाजावर कवायत न केलेले २५ टक्क्यांहून जास्त असतील, तर बंदर सोडल्यापासून २४ तासांत ती घ्यावीच लागते. म्हणून चढल्याच्या दुसऱ्याच दिवशी भोंगा वाजला तर दचकू नका.

पायरी १० : विश्रांती आणि तक्रार

कोणत्याही २४ तासांत किमान १० तास आणि सात दिवसांत किमान ७७ तास विश्रांती. ते १० तास फार तर दोन तुकड्यांत, त्यातला एक किमान सहा तासांचा. हा तक्ता तुमच्या सहीनं भरला जातो. खोटे आकडे भरून सही करण्याची सवय पहिल्या जहाजावरच लागते, तेव्हा पहिल्या जहाजावरच ती लावून घेऊ नका. तास कमी पडत असतील तर वॉचच्या वेळी डोळे मिटण्याआधी विभागप्रमुखाला सांगा.

तक्रारीची वाटही ठरलेली आहे. आधी आपला वरिष्ठ, मग विभागप्रमुख, मग कॅप्टन. प्रश्न वरिष्ठाबद्दलच असेल तर थेट कॅप्टनकडे जाता येतं. कंपनीत डीपीए नावाचा किनाऱ्यावरचा एक माणूस नेमलेला असतो आणि त्याचा फोन नंबर जहाजावर लावलेला असतो. जहाजावर दाद लागत नसेल तर त्याला कळवा. त्याही पलीकडे झेंड्याचा देश आणि बंदरातले तपासनीस आहेत. तक्रार केली म्हणून त्रास देणं एमएलसीला मान्य नाही. तारीख, वेळ आणि काय घडलं हे स्वतःच्या वहीत त्याच दिवशी लिहून ठेवा.

पायरी ११ : उतरताना

तुमच्या जागी येणाऱ्यासाठी दोन पानं लिहून ठेवा. कोणता व्हॉल्व्ह अडतो, कुठल्या पंपाचा आवाज बदललाय, अर्धवट राहिलेलं काम कोणतं आणि ते कोणाला सांगितलेलं आहे. ओएस आणि वायपरनंही लिहावीत, हे फक्त अधिकाऱ्यांचं काम नाही. नोंदपुस्तिकेत चढल्या-उतरल्याच्या तारखा, पद आणि कॅप्टनची सही-शिक्का जहाजावरच तपासून घ्या. तारीख चुकली तर समुद्रसेवेचे दिवस कमी भरतात.

कॅडेटांसाठी शेवटचं : प्रशिक्षणाच्या नोंदवहीतल्या सह्या दर आठवड्याला घेत चला. चीफ ऑफिसर तुमच्याआधी उतरला, तर त्यानं करून घेतलेल्या कामांवर नवा चीफ ऑफिसर सही करत नाही, आणि करायलाही नको. त्याची उतरण्याची तारीख कळली की वही घेऊन त्याच्या दारावर टकटक करा, पण माल भरून झाल्यावर आणि त्याची झोप झाल्यावर.